दोन थाउ कमी

बाबा इंग्लंडला आले, मॉल बघून कंटाळले. मग एका शनिवारी त्यांना अशा ठिकाणी नेलं, जिथं सत्तरीचे आजोबा गुडघ्याएवढी आगगाडी खऱ्याखुऱ्या वाफेवर पळवतात!

स्विंडनला राहणाऱ्या कुठल्याही मराठी मुलीला विचारा, घरी पाहुणे आले की पहिल्या शनिवारी कुठं नेतेस? उत्तर ठरलेलं. डिझायनर आउटलेट. ब्रँडेड कपडे, सेलच्या पाट्या, कॉफी, दोन फोटो आणि घरी. 2024 च्या जूनमध्ये बाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मीही तेच केलं. मी जॅकेट्सच्या रांगेत शिरले आणि दहा मिनिटांनी बघते तर बाबा दुकानाच्या दारात मान वर करून उभे. सगळं जग खाली डिस्काउंट बघतंय आणि हे छत बघतायत.

‘‘अगं, इथं ओव्हरहेड क्रेन होती,’’ ते म्हणाले. ‘‘ते गर्डर बघ. कपड्यांसाठी कोण एवढे जाड गर्डर घालतं?’’

मी या गावात चार वर्षं राहतेय. आउटलेट जुन्या रेल्वे कारखान्यात आहे हे ऐकून होते, पण वर कधी पाहिलं नव्हतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा कारखाना 1843 मध्ये सुरू झाला. भरभराटीच्या काळात इथं चौदा हजारांच्या वर माणसं कामाला होती. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘इव्हनिंग स्टार’, 1960 मध्ये इथूनच बाहेर पडलं. कारखाना 1986 ला बंद झाला आणि 1997 ला त्याच शेडमध्ये दुकानं आली. आपल्याकडे लोअर परळला गिरणीच्या जागेत मॉल आला, तसंच. मी जॅकेट घेतलं. बाबांनी काहीच घेतलं नाही.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं लेथ चालवलं. 2003 मध्ये सीएनसी मशीनं आली, बाबांनी व्हीआरएस घेतली. त्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला घरी आले, डबा घासायला टाकला आणि लेथ हा विषय आमच्या घरातून संपला. त्यांची पत्र्याची टूलबॉक्स काही वर्षं माळ्यावर होती. मग एका दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडे गेली, आणि देणारे बाबाच होते.

मी त्यांचं मशीन पाहिलं होतं ते फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी घरच्यांना कारखान्यात आत सोडायचे. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे आणि धुऊनपुसून लख्ख केलेलं, बंद असलेलं लेथ. ‘‘हे माझं,’’ बाबा म्हणायचे. मी हात लावायचे. गार लागायचं. ते चालू असताना मी कधीच पाहिलं नाही.

बारा पट लहान

ओपन डेची बातमी आणली शेजाऱ्यानं. शेजारी गोव्याचा, स्विंडनला गोवेकर खूप आहेत. तो बस चालवतो आणि मुलांना फुकटात किंवा फुकटाच्या आसपास कुठं नेता येईल याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. ‘‘छोटी ट्रेन आहे. वरसून चलता. बाबांना घेऊन वच,’’ तो म्हणाला. गावापासून तासाभराच्या ड्राइव्हवर एक मॉडेल इंजिनीअरिंग क्लब आहे. युद्ध संपल्यावर चार वर्षांनी, 1949 मध्ये स्थापन झालेला. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि दारं सगळ्यांना उघडी होती. (क्लबचं नाव इथं देत नाही. तिथल्या आजोबांनी तेवढी एकच अट घातली. वर्कशॉपमधल्या मशीनांवर चोरांचा डोळा असतो म्हणे.)

बाबांना वाटलं, कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, तसं काहीतरी असेल. मला वाटलं, पेशवे पार्कातली फुलराणी. दोघंही चुकलो. कोथरूडच्या गाड्या विजेवर धावतात आणि आपण त्या बघतो. फुलराणीत आपण बसतो. इथं मात्र एका माणसानं घरामागच्या शेडमध्ये तांब्याचा पत्रा कापून, ठोकून, जोडून बॉयलर केलेला असतो, चाकं फिरवलेली असतात, सिलिंडर बोअर केलेले असतात आणि मग त्यात खरा कोळसा पेटवून तो स्वतः त्यामागे बसतो. इंजिन माझ्या गुडघ्याच्या वर येत नव्हतं. त्यामागे छोट्या ट्रॉल्या आणि त्यावर घोड्यावर बसल्यासारखी, पाय दोन्हीकडे टाकून बसलेली सहा माणसं. आणि ते इंजिन या सगळ्यांना घेऊन चढ चढत होतं!

हे कसं जमतं? मला तिथल्या एका निवृत्त डेंटिस्टनं समजावलं. (या छंदात डेंटिस्ट का असतात याचं आश्चर्य वाटायला नको, बारीक ड्रिलची सवय असते ना.) इंजिन बारा पटींनी लहान केलं की लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारा पटींनी कमी होतात. म्हणजे वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, 1728 पटींनी उतरतं. सत्तर टनांचं इंजिन हिशेबानं चाळीस किलोंवर येतं. प्रत्यक्षात ते याच्या दीडपट-दुप्पट भरतं, कारण पत्रे आणि नळ्या तेवढ्या प्रमाणात पातळ करून चालत नाही. पाच इंच अंतराच्या रुळांवर चालणारी बरीचशी इंजिनं या मापाची. साडेतीन इंचांची त्याहून लहान, सव्वासात इंचांची मोठी, ती उचलायला क्रेनच लागते.

‘‘सगळं लहान करता येतं,’’ डेंटिस्ट म्हणाले, ‘‘फक्त पाणी, वाफ आणि आग ऐकत नाहीत.’’ उदाहरण म्हणून त्यांनी बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी दाखवली. ती प्रमाणात बारीक केली तर केशाकर्षणानं पाणी तिच्यात खऱ्या पातळीहून वर चढून बसतं आणि ड्रायव्हरला खोटं सांगतं. म्हणून ती मुद्दाम जाड ठेवायची. मॉडेल हुबेहूब हवं, पण जीव धोक्यात घालून नको.

जीव हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. दर चौरस इंचाला ऐंशी-शंभर पौंड दाबाची वाफ भरलेलं तांब्याचं भांडं दोन पायांच्या मध्ये घेऊन ही मंडळी बसतात आणि मागे लोकांची मुलं असतात. त्यामुळे बॉयलरला सर्टिफिकेट नसेल तर ते इंजिन रुळावर येतच नाही. एका टेबलावर त्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. नव्या बॉयलरमध्ये काठोकाठ पाणी भरायचं, सगळी भोकं बंद करायची आणि हातपंपानं दाब वाढवत न्यायचा, कामाच्या दाबाच्या दुप्पट. मग काटा स्थिर राहतो का हे घड्याळ लावून बघायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे मी लगेच नाक खुपसलं. पाणीच का? हवा भरली तर काम झटकन होईल की!

इन्स्पेक्टर आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्याआधी माझ्या मागून मराठीत आवाज आला. ‘‘हवा दाबली जाते गं. बॉयलर फुटला तर दाबलेली हवा स्प्रिंगसारखी सुटेल आणि तुकडे उडतील. पाणी दाबलं जात नाही. भेग पडली तर एक चूळ पाणी बाहेर येईल, संपलं.’’ मी भाषांतर केलं. आजोबांनी बाबांकडे पाहिलं. मग खाली, बाबांच्या हातांकडे. आणि मला म्हणाले, ‘‘तुझे वडील कुठल्या ट्रेडचे?’’

बाबा इंग्लंडला आल्याला पाच आठवडे झाले होते. त्यांच्या कामाबद्दल हा पहिला प्रश्न होता.

साडेचार मिनिटं आणि अकरा वर्षं

थोडा इतिहास, पटकन. पर्सिव्हल मार्शल नावाच्या माणसानं 1898 मध्ये लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनीअर’ मासिक सुरू केलं आणि त्याच वर्षी सोसायटीही काढली. पुढे ‘एलबीएससी’ या टोपणनावाचा एक लेखक याच मासिकात घरी इंजिन कसं बांधायचं हे शेजारी बसून गप्पा मारल्यासारखं लिहू लागला. त्याचं ‘टिच’ नावाचं चिमुकलं इंजिन नवशिक्यांचं आवडतं. युद्धानंतर, ज्यांचे हात कारखान्यांत तयार झाले होते त्या माणसांनी गावोगावी क्लब काढले. आणि बहुतेकांच्या शेडमध्ये एकच मशीन असायचं, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये बनलेलं मायफोर्डचं छोटं लेथ. 1946 चं एमएल-7 मॉडेल आजही तिथं पुजलं जातं. बीस्टनची मूळ कंपनी मात्र 2011 मध्ये बंद झाली.

हे सगळं मला चहाच्या तंबूत कळलं. बाबांनी केक खाल्ला, चहाला ‘‘पाणी’’ म्हणाले आणि माझ्यामार्फत चौकशी सुरू केली. डेंटिस्टनी आपलं हिरवं इंजिन किती दिवसांत केलं?

‘‘अकरा वर्षं.’’

‘‘विकलं तर किती मिळतील?’’

‘‘सामानाला गेले तेवढे मिळाले तरी खूप.’’

बाबा बराच वेळ गप्प होते. मग हळूच मला म्हणाले, ‘‘आमच्याकडे एका जॉबला साडेचार मिनिटं होती. चार मिनिटं चाळीस सेकंद झाले की सुपरवायझर मागे उभा. आणि हे लोक हौस म्हणून करतात?’’

मी हे भाषांतर करायचं टाळत होते, पण डेंटिस्ट विचारत राहिले, तेव्हा सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, ‘‘मी चाळीस वर्षं लोकांचे दात उपटले. सुट्टीत कुणी तेच करायला बोलावलं असतं तर मीही गेलो नसतो.’’

मला ते पटलं. तिथं सगळ्यात आनंदात दिसत होते ते बँकवाले, मास्तर, डेंटिस्ट. आयुष्यभर धातूत काम केलेले फार थोडे होते. होते ते चेहरे बघून कळत नव्हतं, उभं राहण्यावरून कळत होतं. आणि जवळपास सगळेच सत्तरीच्या पुढचे. तरुण म्हणाल तर सिग्नलवर उभी एक एकोणीस वर्षांची मुलगी, अप्रेंटिस. तिला विचारलं, इथं कशी? म्हणाली, ‘‘कॉलेजात स्क्रीनवर शिकवतात. इथं हातात देतात.’’

काळजी वयाची आहे तशी कोळशाचीही. वाफेच्या इंजिनाला आवडणारा कोळसा साउथ वेल्सचा. तिथली मर्थिर टिडफिलजवळची शेवटची मोठी उघडी खाण 2023 च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. गंमत बघा, याच मर्थिरला 1804 मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचं इंजिन जगात पहिल्यांदा रुळावरून गाडी ओढत गेलं होतं. आता बाहेरदेशातून आलेला कोळसा किंवा कारखान्यात भुकटी दाबून केलेले अंड्याएवढे गोळे. क्लबला वर्षाला लागून लागून किती लागणार, तरी तो आणायचा कुठून हा दर मीटिंगचा विषय. कोळसा जळणं वाईट हे त्यांना कुणी सांगायला नको. त्याच सप्टेंबरअखेर ब्रिटनचं कोळशावर चालणारं शेवटचं वीज केंद्रही बंद झालं आणि क्लबच्या मंडळींना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. ‘‘आम्हाला एक बादली पुरते,’’ इन्स्पेक्टर आजोबा म्हणाले.

मी एक फेरी मारलीच. जाणार असाल तर सांगून ठेवते, जुने सुती कपडे घाला, सुटे पैसे न्या आणि चकचकीत दिसेल त्याला हात लावू नका, ते तापलेलं असतं. वाफ, गरम तेल आणि धूर यांचा मिळून एक वास असतो, तो केसांत दोन दिवस राहतो. आणि ठिणग्या उडतात. आउटलेटमधल्या माझ्या नव्या पॉलिएस्टर जॅकेटला उजव्या बाहीवर बरोब्बर गोल भोक पडलंय.

पिन

साडेतीनच्या सुमाराला डेंटिस्टांचं हिरवं इंजिन बिघडलं. चाकाच्या फिरण्यावर चालणारा एक पंप बॉयलरमध्ये पाणी ढकलत असतो. त्या पंपाच्या दांडीची पिन तुटली. हातपंपानं पाणी भरत त्यांनी गाडी कशीबशी परत आणली. फाटकाशी पंधरा-वीस मुलं रांगेत. वर्कशॉप सांभाळणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे, संधिवातानं बोटं वाकलेली. ते म्हणाले, करून देतो. आणि मायक्रोमीटर उचलायला गेले तर तो हातात ठरेना.

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, ‘‘विचार त्यांना, मी करू का?’’

लगेच चालेल असं कुणी म्हणालं नाही. इंग्लंड आहे हे, आधी इन्शुरन्स! सभासद नसलेल्या माणसाला मशीनला हात लावता येत नाही. दोन मिनिटं कुजबुज झाली आणि कमिटीनं तोडगा काढला. पाच पौंड घेऊन बाबांना एका दिवसाचं सभासद केलं. पावतीसुद्धा फाडली.

बाबांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. ते एचएमटीचं आहे आणि कारखान्यातलं त्यांचं लेथही एचएमटीचंच होतं. एकच सरकारी कंपनी, घड्याळंही बनवायची आणि लेथही. हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं. मग ते मायफोर्डसमोर उभे राहिले. डावा पाय जरा पुढे, वजन मागच्या पायावर. हातांनी आधी काही चालू केलं नाही, नुसत्या सगळ्या मुठी एकदा पुढे, एकदा मागे फिरवून ढिलाई बघितली. टूलची धार अंगठ्याच्या नखावर तपासली. तोंड वाकडं केलं. आजोबांनी न बोलता दुसरं टूल पुढे केलं. मापं इंचांत होती. बाबा म्हणाले, चालेल, आमची जुनी मशीनं इंचांचीच होती. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर पंचवीस मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीहून कमी.

बटण दाबलं. मशीन गुणगुणायला लागलं आणि टूल रॉडला टेकलं. धातूची कुरळी, चकचकीत साल सुटून खाली पडायला लागली. बाबा बघत नव्हते, ऐकत होते. मान थोडी कलती, डोळे अर्धवट मिटलेले. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. त्या चेहऱ्याचा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

आता इथं छान शेवट व्हायला हवा होता. झाला नाही. बाबांनी मशीन थांबवलं, माप घेतलं, पुन्हा घेतलं.

‘‘दोन थाउ कमी झालं,’’ ते म्हणाले. ‘‘गेला जॉब.’’

मी भाषांतर केलं. डेंटिस्ट म्हणाले, दोन थाउ म्हणजे काहीच नाही, बसवू, चालेल. बाबांना ‘चालेल’ एवढं इंग्रजी कळतं. त्यांनी मान हलवली. एकवीस वर्षांनी हात लावलाय, हात विसरलाय, मशीनची चूक नाही, असं सांग म्हणाले. पिन खिशात टाकली आणि दुसरा रॉड चकमध्ये धरला. या वेळी शेवटचे कट इतके हळू घेतले की मलाच घड्याळ बघावंसं वाटायला लागलं. घड्याळ माझ्याच हातात होतं. टोकाला आटे पाडायची वेळ आली तेव्हा आजोबांनी जी डाय दिली, तिचं माप बाबांनी कधी पाहिलं नव्हतं. या छंदात ‘बीए’ नावाचे जुने ब्रिटिश आटे अजून चालतात. दोघं त्यावर बराच वेळ बोलले. एक मराठीत, एक इंग्रजीत, मधे बोटांनी. मला कुणी भाषांतर करायला सांगितलं नाही.

पिन तयार झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. रांगेतली मुलं केव्हाच दुसऱ्या इंजिनामागे बसून घरी गेली होती. तंबू उतरवायचं काम चालू होतं. हिरव्या इंजिनात पुन्हा विस्तव घातला, वीसेक मिनिटांत वाफ धरली आणि डेंटिस्टनी एकट्यानं एक फेरी मारली. पंपाचा टकटक आवाज येत होता. बाबांना बसा म्हणाले, तर ते ‘‘कंबर’’ म्हणाले आणि इंजिन समोरून जाताना खाली वाकून पिनकडे बघत राहिले.

गाडीत मी विचारलं, किती वेळ लागला?

‘‘दोन धरून पासष्ट मिनिटं,’’ ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘मागे कुणी उभं नव्हतं.’’

ऑगस्टमध्ये ते परत गेले. हीथ्रोला तपासणीत हँडबॅगेतून ती नापास पिन निघाली. अधिकाऱ्यानं उचलून विचारलं, हे काय? बाबांनी त्याला शांतपणे सांगितलं, ‘‘रिजेक्शन.’’ त्यानं ती परत दिली.

गेल्या वसंतात वर्कशॉपच्या आजोबांची मेल आली. हिरवं इंजिन वाफेच्या तपासणीत पास झालं, पिन अजून मस्त आहे, वडिलांना कळव. मी ती मराठीत करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिंचवडला पाठवली. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर रात्री आलं.

‘‘तेल घालतात का विचार.’’